आबांचा पेरूचा माचा

सोनम इंदापूर आगारात कंडक्टर होती. इंदापूर ते बारामती ही तिची गाडी. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, सकाळच्या फेरीला, लासुर्ण्याच्या पुढं उसाच्या ट्रॉलीवरून एक मोळी रस्त्यात घसरली. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला आणि उभ्यानं तिकीट देणारी सोनम समोरच्या सीटच्या दांडीवर तोंडानं आदळली. खालचा जबडा दोन ठिकाणी मोडला. बारामतीच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, वरचे आणि खालचे दात तारांनी एकमेकांना बांधले आणि डॉक्टरांनी सांगितलं, पाच आठवडे तोंड उघडायचं नाही. बोलणं बंद, चावणं बंद. जे काही पोटात जाईल ते स्ट्रॉनं, पातळ.

दवाखान्यातून घरी सोडताना नर्सनं एक छोटी पक्कड दिली. उलटी झाली आणि श्वास कोंडला तर तारा कापायला. ती पक्कड सोनमच्या सासऱ्यांनी, जोतीरामांनी, सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि पाच आठवडे जपली. सदरा धुवायला पडला की पक्कड आधी दुसऱ्या सदऱ्यात जायची.

जोतीराम बासष्ट वर्षांचे. लोणी देवकरच्या औद्योगिक वसाहतीत रंगाच्या कारखान्यात मिक्सिंग खात्यात अठरा वर्षं काढून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेले. बायको चार वर्षांपूर्वी गेली. त्यांना सगळे आबाच म्हणायचे. माणूस कामाचा, पण बोलायला महाग. सोनम या घरात येऊन सहा वर्षं झाली होती आणि तेवढ्या काळात सून-सासऱ्यांचं बोलणं चहा, पाण्याची मोटर आणि गाडीची वेळ यापलीकडं गेलं नव्हतं. ती कंडक्टरची परीक्षा पास झाली तेव्हा भावकीत कुजबुज झाली होती. आबा त्यावर काहीच बोलले नाहीत. त्यांना बरं वाटलं की वाईट, हे सोनमला कळलं नाही आणि तिनंही कधी विचारलं नाही.

पहिला आठवडा सोनमची आई मोरगावहून येऊन राहिली. तांदळाची पेज, मुगाचं पाणी, गाळलेलं वरण असं ती करून द्यायची. पण घरी शेरडं होती, ती शेजाऱ्यांवर किती दिवस टाकणार? ती गेली आणि सोनमचा नवरा संदेश शिफ्टला गेला की घरात दोघंच उरायची. आबा दूध गरम करून आणून ठेवायचे, सोनम अर्धं प्यायची, अर्धं ठेवून द्यायची. दोन आठवड्यांत तिचं वजन चार किलोनं उतरलं. खांद्याची हाडं दिसायला लागली. मोबाईलवर ती संदेशला लिहून दाखवायची, दुधाचा वाससुद्धा नको वाटतो.

तिच्या आगारातली मैत्रीण नसरीन भेटायला आली, तेव्हा तिनं बरोबर पाकिटं आणली होती. तिचा भाऊ अरफात पुण्यात एका कॅफेत कामाला होता. पाकिटात हिरवट भुकटी होती, एकात आंब्याची चव, एकात स्ट्रॉबेरीची. नसरीननं सांगितलं, याला माचा म्हणतात. जपानचा चहा, पानच्या पान वाळवून दळलेलं. दुधात घालून मिल्कशेक करतात, बारामतीत कॉलेजच्या पोरी रांगा लावून पितात.

दुसऱ्या दिवशी कामावर जायच्या आधी संदेशनं तो करून बघितला. दूध खळखळ उकळलं, त्यात दोन चमचे स्ट्रॉबेरीचा माचा टाकला आणि चमच्यानं ढवळला. वर हिरव्या गाठी तरंगायला लागल्या आणि दूधही जरा फाटल्यासारखं झालं. सोनमनं स्ट्रॉ लावली, एक गाठ नळीत अडकली, ती जोरानं ओढायला गेली तर जबड्यातून कळ आली. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिनं ग्लास बाजूला सरकवला आणि मोबाईलवर लिहिलं, राहू दे.

संदेशची गाडी चुकत होती, तो ओशाळून निघून गेला. आबा दारात उभे राहून हे बघत होते. ते आत आले, ग्लासातली एक गाठ चमच्यानं बाहेर काढली आणि बोटांत फोडली. आत भुकटी कोरडी होती.

"आतून कोरडी हाय," ते म्हणाले. "भुकटीला एकदम पाण्यात ढकलायचं न्हाय. ती भवतीनं कातडं धरती, मग आत पाणी जात न्हाय. आमच्या रंगाचंबी असंच असतंय."

आणि मग ते सोनमला म्हणाले, "अर्धा तास दे मला."

स्वयंपाकघरात त्यांनी आधी चहाची गाळणी घेतली, तिची भोकं मोठी निघाली. मग मैद्याची चाळणी शोधली. माचा चाळून घेतला आणि चाळणीत राहिलेल्या गुठळ्या बोटानं दाबून पुन्हा चाळल्या. पाणी उकळलं आणि खाली उतरवून ठेवलं, वाफ मंदावेपर्यंत. तेवढ्या वेळात त्यांनी फळीवरची छोटी रवी उतरवून धुतली. वाटीतल्या भुकटीवर दोन चमचे पाणी घालून आधी लगदा केला, तो चकचकीत होईपर्यंत घोटला, मग आणखी चार चमचे पाणी घालून दोन तळव्यांत रवी फिरवायला लागले. बारीक फेस आला. गाठ एकही नव्हती. सकाळचं फाटलेलं दूध त्यांच्या लक्षात होतं, म्हणून या वेळी थंड दूध घेतलं, त्यात केळं घालून मिक्सरमधून काढलं, फडक्यातून गाळलं आणि शेवटी त्यात आंब्याचा माचा ओतला.

सोनमनं स्ट्रॉ लावली. ग्लास तळापर्यंत गेला. आबांनी विचारलं, कसा झालाय? तिनं दोन्ही हात वर करून सहा बोटं दाखवली.

"धाच्या पैकी?"

तिनं मान हलवली.

"उद्या बघू," आबा म्हणाले आणि ग्लास विसळायला घेतला. पण त्यांची पाठ ताठ झाली होती, हे तिनं पाहिलं.

त्या दिवसापासून घराची रीतच बदलली. आबांनी डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन लावून विचारून घेतलं की चहाची भुकटी चालेल का. दिवसातून एकदा, सकाळी चालेल, संध्याकाळी नको, झोप उडेल, असं उत्तर आलं. मग सकाळी माचाचा मिल्कशेक आणि दुपारी, संध्याकाळी बिनमाचाचा, असं ठरलं. चिकू घातला की साखर लागत नाही, हे त्यांना कळलं. भिजवलेले शेंगदाणे वाटून, दोनदा गाळून घातले की पोट जास्त वेळ भरलेलं राहतं, हेही कळलं. प्रत्येक ग्लासानंतर ते सोनमच्या बोटांकडं बघायचे. सहाची सात झाली, एके दिवशी खजूर जास्त झाला तेव्हा पाच. त्या दिवशी आबांनी खजुराची बरणी वरच्या फळीवर ठेवून दिली.

बिरदेव नावाचे त्यांचे जुने सोबती, एकाच खात्यात काम केलेले, एकदा सकाळी आले तेव्हा आबा ओट्यापाशी रवी फिरवत होते. आबांनी त्यांच्यापुढं एक ग्लास ठेवला. बिरदेव पिऊन म्हणाले, मिक्सिंग जमलंय. आबांना तेवढं पुरलं.

तिसरा आठवडा संपता संपता पाकिटं संपली. नसरीनच्या भावाला नवीन मिळायला वेळ होता. दोन दिवस सोनमनं नुसते केळ्याचे, चिकूचे शेक प्यायले, तेही अर्धेच. तिसऱ्या दिवशी आबांनी स्वच्छ सदरा घातला, शेजारच्या काकूंना सोनमजवळ बसवलं, पक्कड त्यांच्या हातात देऊन ती कशी वापरायची ते दोनदा दाखवलं आणि इंदापूरला जाऊन बारामतीची गाडी धरली.

सोनमच्या गाडीत ते आयुष्यात पहिल्यांदा बसत होते. कंडक्टर नवा होता, बदलीवर आलेला तरुण मुलगा. निमगाव केतकीला एक म्हातारी बाई पेरूची पाटी घेऊन चढली. पाटी आत घेताना कंडक्टरची धांदल उडाली, तशी ती म्हणाली, "आमची सोनमबाई कवा यायची? ती आसली की पाटी आपसूक जाग्यावर बसती."

मागच्या सीटवरच्या एका मास्तरांनी सांगितलं की अजून महिना तरी लागेल असं ऐकलंय. एक कॉलेजची मुलगी म्हणाली, ताई होत्या तेव्हा मी कुठंही उभी राहिले तरी भीती वाटायची नाही. आणि मग ती म्हातारी, तिचं नाव सारजाबाई, शेजारी बसलेल्या आबांना कुणी परका समजून सांगायला लागली.

"माझी नात उभी हुती गाडीतल्या वाटंवर. सात वर्साची. ब्रेक लागला तवा बाईनं तिला कवळ्यात धरलं. एका हातात तिकिटाचं मशीन, दुसऱ्या हातात पोर. मग दांडी कशानं धरावी तिनं? पोरीला खरचटलंबी न्हाय. त्वांडातनं रगात येतंय, आन ही बया मशीन डायवरच्या हातात देती, पोरीला माझ्याकडं ढकलती, आन मग खाली बसती."

आबांनी हे कधी ऐकलंच नव्हतं. घरी एवढंच कळलं होतं की ब्रेक लागला आणि सोनम पडली. तिला बोलता येत नव्हतं आणि लिहून सांगण्याइतकं ते तिला मोठं वाटलं नसावं.

जंक्शनचा थांबा गेला, लासुर्णं गेलं. मग आबा सारजाबाईकडं वळून म्हणाले, "माझी सून हाय ती."

आवाज त्यांना वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. पुढच्या सीटवरची माणसं वळली. मास्तर उठून जवळ आले. कंडक्टरनं तिकिटं थांबवून विचारलं, ताई कशा आहेत? आबांनी सगळ्यांना सांगितलं की तारा अजून दोन आठवडे आहेत, खाणं स्ट्रॉनं आहे, पण डोळ्यांत तरतरी आली आहे. सारजाबाईनं पाटीतले निवडून डझनभर पेरू त्यांच्या पिशवीत टाकले. तिला चावता येत न्हाय, असं आबांनी सांगितलं, तर ती म्हणाली, तुमी काढा काय तरी वाट.

बारामतीत आबांनी तीन दुकानं पालथी घातली. चौथ्या दुकानात, एका कॅफेला लागून असलेल्या, श्रेया नावाच्या मुलीनं त्यांना साध्या माचाचा डबा दाखवला. फळांच्या चवीचा संपलाय, पंधरा दिवसांनी येईल, ती म्हणाली. आबांनी विचारलं, त्या चवीच्या पाकिटात असतं तरी काय? तिनं जुनं पाकीट उलटून वाचून दाखवलं. माचा, साखर, वाळवलेल्या फळाची भुकटी.

"म्हंजी चहा येगळा, फळ येगळं, आन मिसळलंय," आबा म्हणाले.

"हो आजोबा, एवढंच."

आबांनी साधा डबा घेतला. मिसळायचं काम त्यांनी अठरा वर्षं केलं होतं.

घरी आले तेव्हा सोनम सोप्यात बसली होती. शेजारच्या काकू पक्कड परत देऊन गेल्या. आबांनी पिशवी खाली ठेवली, पेरू बाहेर काढले आणि तिच्याकडं न बघता म्हणाले, "सारजाबाई भेटल्या गाडीत. त्यांची नात बरी हाय."

सोनमनं चमकून पाहिलं. मग मोबाईलवर लिहून पुढं केलं. तुम्हाला कुणी सांगितलं?

"सगळ्या गाडीनं सांगितलं." ते पेरू पुसायला लागले. "सा वर्सं झाली, आन मला ठावंच न्हवतं माझ्या घरात कोन ऱ्हातंय ते."

सोनमनं मोबाईल उलटा ठेवला आणि एक पेरू हातात घेऊन वास घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी पेरूचा बियांचा गर काढून टाकला, बाकीच्याच्या पातळ चकत्या केल्या आणि गच्चीवर धुतलेल्या पत्र्यावर स्वच्छ धोतराचं फडकं टाकून वाळत घातल्या. थंडीचं ऊन कोरडं होतं. पहिल्या दिवशी चकत्या मऊ राहिल्या, दुसऱ्या दिवशी चामड्यासारख्या झाल्या, तिसऱ्या दिवशी दुपारी मोडल्यावर कट्कन आवाज आला. त्या मिक्सरमधून काढल्या आणि चाळल्या. फिकट, खमंग वासाची भुकटी झाली.

पहिल्या मिश्रणात माचा जास्त झाला. गवताचा वास आला. सोनमची चार बोटं. दुसऱ्या दिवशी पेरू दुप्पट, माचा निम्मा, सहा बोटं. काहीतरी कमी होतं आणि काय ते दोघांनाही कळेना. तेव्हा सोनमनं उठून स्वयंपाकघरात जाऊन मिठाच्या बरणीवर बोट ठेवलं. आबांनी कपाळावर हात मारला. पेरू कधी मिठाशिवाय खाल्लाय का कुणी?

तिसऱ्या दिवशी चिमूटभर मीठ पडलं. ग्लास कच्च्या पेरूच्या सालीच्या रंगाचा दिसत होता, वर बारीक फेस. सोनमनं मधे श्वाससुद्धा घेतला नाही. ग्लास खाली ठेवून तिनं नऊ बोटं वर केली, मग जरा थांबून दहावंही.

त्या संध्याकाळी संदेश कामावरून आला तेव्हा आबांनी त्याला बसवून सगळं सांगितलं. बसमधलं, सारजाबाईचं, नातीचं, आणि मग पेरूचं. सोनम आतून ऐकत होती. तिनं त्यांना इतकं सलग बोलताना कधी ऐकलं नव्हतं. बोलता बोलता ते तीनदा म्हणाले, आपली सोनम.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तारा काढायला तिघं बारामतीला गेली. डॉक्टरांनी आधी वजन बघितलं. त्यांनी दुसऱ्या आठवड्याच्या तपासणीचा कागद काढला, पुन्हा काट्याकडं पाहिलं. दोन आठवड्यांत उतरलेल्या चार किलोंपैकी तीन परत आले होते. त्यांनी सांगितलं की या अवस्थेत माणसं बहुतेक उतरतच जातात, वाढलेलं क्वचितच बघायला मिळतं. तारा निघाल्या, तोंड दोन बोटं उघडलं. डॉक्टरांनी सहज विचारलं, काय खायला घातलं हिला?

संदेश उत्तर द्यायला लागला होता. सोनमनं हात धरून त्याला थांबवलं. जबडा आखडलेला, शब्द दातांमागून अडखळत आले, पण पाच आठवड्यांनी तिनं बोललेलं ते पहिलं वाक्य होतं.

"आमच्या आबांनी केलं. पेरूचा माचा."

आबा कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले होते. त्यांनी खिशातली पक्कड काढून नर्सच्या टेबलावर ठेवली आणि लागणार नाही आता, एवढंच म्हणाले. डॉक्टरांनी त्यांना जवळ बोलावून कृती विचारली. आबांनी उभ्या उभ्या सगळी सांगितली, चाळण्यापासून मिठापर्यंत. डॉक्टरांनी ती लिहून घेतली आणि असा जबडा बांधलेल्या दुसऱ्या एका पेशंटच्या घरच्यांना फोन लावून आबांशीच बोलायला दिलं. आबा मोबाईल दोन्ही हातांनी धरून दहा मिनिटं बोलत होते. पलीकडून कुणी तरी घाई करत असावं, कारण ते एकदा शांतपणे म्हणाले, "न्हाय, आधी लगदा. मग पातळ."

संक्रांतीनंतरच्या रविवारी सोनमनं हळदीकुंकू ठेवलं. दरवर्षी ती ड्युटीमुळं टाळायची. यंदा गल्लीतल्या बायका, आगारातल्या तीन कंडक्टर मैत्रिणी, नसरीन, मोरगावहून आई, आणि निमगावहून नातीला घेऊन सारजाबाई, असं घर भरलं. कॉफीऐवजी पेरूच्या माचाचा मिल्कशेक द्यायचा, हे सोनमनंच ठरवलं होतं. आबा दुपारपासून स्वयंपाकघरात होते, बायकांच्या कार्यक्रमात पुढं यायचं नाही म्हणून दार ओढून.

पहिले ग्लास फिरले. मग नसरीननं विचारलं की माझा भाऊ शंभर वेळा करतो, पण गाठी राहतातच, हे कुणी केलंय?

सोनम उठली. अजून तिला मोठ्यानं बोलायची परवानगी नव्हती. तिनं स्वयंपाकघराचं दार उघडलं, आबांचा हात धरला आणि त्यांना तीस बायकांच्या मधे आणून उभं केलं. खांद्यावर टॉवेल, हातात रवी, मनगटापर्यंत हिरवट डाग.

"हे माझे सासरे," ती हळू आवाजात म्हणाली. "यांनी मला पाच आठवडे जगवलं."

आबांनी खाली बघितलं, मग सारजाबाईच्या मांडीवर बसलेल्या नातीकडं. ती ग्लासाच्या तळाशी राहिलेलं बोटानं चाटत होती. कुणीतरी विचारलं, आमच्या बचत गटात शिकवाल का, गुरुवारी? पेरू तर सगळ्यांच्याच बांधावर आहेत.

"येतो की," आबा म्हणाले. "पन चाळणी ज्येची त्येनं आनायची. आन मैद्याची. चहाची चालत न्हाय."

बायकांनी आणखी मागितला. आतलं दूध संपलं होतं. आबांनी दारातूनच संदेशला हाक मारून दोन लिटर आणायला पाठवलं आणि ते पुन्हा ओट्यापाशी जाऊन भुकटी चाळायला लागले.